तायडे मॅडमचे गोंधळलेले किडे

डॉ. कुसुम तायडे कुणाच्याही घरी गेल्या की आधी चहाला नको म्हणत आणि मग स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारत, "पीठ खराब झालं काय कोनतं? असंल तं फेकू नोका. मले द्या." आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा माझी बायको साताऱ्याहून अमरावतीला नुकतीच आली होती. पाहुण्या बाईनं दारातच पिठाची चौकशी करावी याचा तिला भलताच राग आला. "आमच्याकडे पीठ खराब होत नाही," ती म्हणाली. मॅडमचा चेहरा खरोखर पडला. "अरेरे," असं म्हणून त्यांनी नाइलाजानं चहा घेतला.

आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत आणि मी मराठी. व्हरांड्याच्या टोकाला त्यांची खोली होती. तिथे मांडणीवर पिठाच्या काचेच्या बरण्या, तोंडाला मलमल बांधलेली, आणि आत तिळाएवढे तांबूस किडे. एका फळीवर अमरावतीच्या गिरण्यांतले, दुसऱ्या फळीवर अकोल्याचे. मे महिन्यात स्टाफरूममध्ये आम्ही एका कुरकुरत्या पंख्याखाली शिजत असू आणि किड्यांना मात्र कुलर होता. मी तक्रार केली तर म्हणायच्या, "सर, तुमी सुट्टी टाकू शकता. ते बिचारे कुठं जातीन?"

या किड्याचं इंग्रजी नावच मुळी 'गोंधळलेला किडा' असं आहे. मला वाटलं, तो पिठात वाट चुकत असेल. मॅडम म्हणाल्या, "किडा नाई गोंधळला. त्याच्यासारखाच दिसनारा दुसरा एक हाये, म्हनून शास्त्रज्ञ गोंधळले, आन् नाव लावलं किड्याले." पुढची काही वर्षं त्या किड्यांपायी मीही गोंधळलेलाच होतो, आणि अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

मी यात ओढला गेलो तो भाषेमुळे. कॉलेजच्या वार्षिकासाठी त्यांना या किड्यांवर मराठीत लेख लिहायचा होता आणि शुद्धलेखन माझ्या गळ्यात पडलं. 'मादी अंडी घालून राहिली' असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते खोडून 'अंडी घालत आहे' केलं. त्या वैतागल्या. "तुमची मादी घालते आन् मोकळी होते, सर. मायी घालून राहिली. अजून चालूच हाये तिचं." प्रमाण मराठीत दोन्हींचा अर्थ एकच, असं मी ठासून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही.

मग 'स्पीशीज'साठी त्यांनी लिहिलेल्या 'जात' या शब्दावरून जुंपली. मला तो खटकला म्हणून मी सगळीकडे 'प्रजाती' केलं, वर्तमानपत्रात तसंच तर छापतात. तेव्हा कळलं की आपल्या पाठ्यपुस्तकात प्रजाती ही वरची पायरी आणि जाती ही खालची, हिंदीत पुन्हा भलतंच. "तुमच्यापेक्षा मले 'जात' हा शब्द जास्त खटकते," मॅडम म्हणाल्या. "आमच्या आईबापानं धम्म घेतला तो हा शब्द सोडाले. आन् मी पोटासाठी रोज फळ्यावर तोच लिहून राहिली." एवढं बोलून त्या हसल्या. मला हसावं की नाही ते समजेना.

लेखाचा विषय असा होता. अकोल्याचे आणि अमरावतीचे किडे दिसायला हुबेहूब. एका बरणीत ठेवले की त्यांचं छान गूळपीठ जमे, मादी अंडीही घाली. पण त्या अंड्यांतून अळी बाहेर येत नसे. नर इकडचा असो की तिकडचा, अंडी वायाच जात. आपापल्या गावात मात्र दोघांचाही संसार सुरळीत. ज्यांना एकमेकांपासून पिल्लं होत नाहीत त्या दोन वेगळ्या जाती, असं पुस्तक सांगतं. म्हणजे मॅडमच्या हाती नवी जात लागली होती, आणि तिचं नावही ठरलं होतं. त्यांच्या आईचं नाव गोदा. दर्यापूरच्या एका गिरणीत तिनं जन्मभर लोकांची दळणं निवडली. लॅटिनमध्ये बाईचं नाव किड्याला द्यायचं तर शेवटी एक शेपूट लागतं आणि गोदाचं होतं 'गोदाई'. "पाहा, लॅटिनले बी आई समजते," त्या म्हणायच्या. निवृत्ती जवळ आली होती. एवढं एक नाव पुस्तकात चढावं, दुसरं काही त्यांना नको होतं.

याच सुमारास बोंडे बाबूंनी घोटाळा केला. बोंडे बाबू आमचे हेडक्लार्क, आणि लग्नं जुळवणं हा त्यांचा छंद. मॅडम ऑफिसात बसून अकोल्याच्या एका मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या, "दोघांचं जमते गं चांगलं, पन लेकरू होऊन नाई राहिलं. जातच येगळी हाये, दुसरं काय!" बाबू घरी जाऊन बहुधा झोपले नसावेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "मॅडम, तुमी शिकलेल्या, तुमी असं बोलू नये. लेकरू न व्हाले जातीचा काय संबंध? कायी बिमारी असंल. राजकमल चौकात चांगला डॉक्टर हाये. दोघायले दवा द्या, होते लेकरू."

स्टाफरूममध्ये हे सांगताना मॅडमच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. आम्ही सगळेच हसलो. मग समोरचा गिला वडा तसाच ठेवून त्या एकदम उठून गेल्या.

संध्याकाळी मी खोलीत डोकावलो, तर त्या बरण्यांसमोर बसलेल्या. "सर, बाबू बोलला त्याची मले आधीपासून भीती होती," त्या म्हणाल्या. "कावून भीती?" मीही नकळत वऱ्हाडीत कारण विचारलं. मग त्यांनी मला समजावलं. किड्यांच्या पेशींत एक जिवाणू राहतो. आईच्या अंड्यातून तो सगळ्या पिल्लांत उतरतो, पण पुढे चालतो फक्त लेकीकडून. लेकाकडे त्याची वाट संपते. "विरजन समजा. आईच्या घरचं लेकीच्या घरी, तिथून नातीच्या." ज्या नरात हे विरजण असतं, त्याचं बीज जणू कुलूप लावून येतं आणि किल्ली त्याच विरजणाच्या मादीच्या अंड्यात असते. अकोल्याचं विरजण एक आणि अमरावतीचं दुसरं असेल, तर कुलूप उघडणारच नाही.

"पण यात जिवाणूचा फायदा काय?"

"ज्या मादीजवळ तो नाई, तिचीच अंडी वाया जातात. म्हंजे त्याच्यावाल्या वाढतात."

"मग संसार किडा करतो की जिवाणू?"

"तेच तं समजून नाई राहिलं," मॅडम म्हणाल्या. "येगळं असनं येगळं, आन् कोनी येगळं ठेवनं येगळं. माये किडे कोन्ते, ते पाहा लागंल."

ते पाहायला कुणी सांगितलं नव्हतं. लेख तयार होता, नाव तयार होतं. जिवाणू मारणारं औषध दिल्यावर पिल्लं झाली, तर गोदाई संपली. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "आईचं नाव लावाचं हाये, सर. खोट्या मालाले कसं लावू?"

त्यांनी आधी अकोल्याच्या पिठात औषध मिसळलं, म्हणजे त्या किड्यांचं विरजण मेलं. त्यांची पुढची पिढी वाढवून अमरावतीशी जोड्या लावल्या आणि गोंधळ दुप्पट झाला. एका बाजूनं पिल्लं झाली, दुसऱ्या बाजूनं नाहीत. "आता अकोल्याचा जावई चालते," मॅडमनी जाहीर केलं, "पन अकोल्याची सून नाई चालत!" जावयाच्या बीजाला आता कुलूपच नव्हतं, आणि सुनेजवळ किल्ली उरली नव्हती. बोंडे बाबूंनी हे दारातून ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मग अमरावतीच्या किड्यांनाही औषध झालं.

एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. भिंगाखाली पांढऱ्या, केसाएवढ्या अळ्या वळवळत होत्या. इकडून झालेल्या आणि तिकडूनही झालेल्या. "झाले सर, दोनीकडून लेकरं झाले," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद होता आणि डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्याबद्दल अभिमानही वाटला.

"म्हणजे जात एकच?" मी विचारलं.

"या बरन्यांत एक. पन गिरनीत कोन औषध देऊन राहिलं त्यायले? तिथं ते येगळेच राहतीन. असेच लई पिढ्या राहिले, तं एक दिवस औषधानं बी जमनार नाई."

"मग नवी जात झाली म्हणायचं की नाही?"

मॅडमनी बरणीची मलमल नीट बांधली. "झाली नाई," त्या म्हणाल्या. "होऊन राहिली."

लेख त्यांनी मागे घेतला. निवृत्त होऊन बहिणीकडे अकोल्याला गेल्या. दोन्ही फळ्या बरोबर नेल्या आणि बसमध्ये अमरावतीच्या बरण्या मांडीवर धरून बसल्या. अधूनमधून फोन येई. बोलणं संपवताना माझ्या बायकोला विचारायच्या, "पीठ?" ती आता पावसाळ्यात मुद्दाम थोडं झाकण उघडं ठेवत असे.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. हृदयाचं दुखणं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलेजात शोकसभा ठरली आणि फलकाचा मजकूर माझ्याकडे आला. प्राचार्य नवे होते. "त्यांनी किड्याची नवी जात शोधली होती म्हणतात," ते म्हणाले. "तसं लिहू या. झाली होती ना ती जात?"

हो म्हटलं असतं तर मॅडमना पटलं नसतं, आणि नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. मी खडू घेतला आणि त्यांच्या नावाखाली लिहिलं, 'गोदाई : होऊन राहिली.'

प्राचार्य चष्मा वर करून वाचत राहिले. "सर, तुम्ही मराठीचे. 'होत आहे' हवं ना?"

"नाही," मी म्हणालो. "अजून चालू आहे ते."