दोन्ही सर्व्हर एकदम

घानातल्या कुमासीत सासऱ्याच्या अंत्यविधीला जावई उशिरा पोचला, तर त्याचं नाक कापलंच म्हणून समजा. बाफुर त्यासाठीच घाईत होता. पण घाई झाली म्हणून माणसाने आपणच घातलेला नियम मोडावा?

वीज कंपनीत प्रीपेड मीटरच्या रिचार्जचे दोन सर्व्हर त्याच्या ताब्यात. एक काम करतो, दुसरा राखीव. नवं सॉफ्टवेअर आलं की आधी राखीववर चढवायचं, तो नीट उठला की काम त्याच्याकडे सोपवायचं, मगच पहिल्याला हात लावायचा. हाताखालच्या सेरवाकडून त्याने हे इतकं घोकून घेतलं होतं की ती म्हणायची, "सर, आता झोपेतसुद्धा चुकणार नाही." आणि शनिवारी सकाळी, ती यायच्या आत, या गुरुजींनीच दोन्हींवर एकदम चढवलं, काळं वस्त्र खांद्यावर टाकलं आणि निघाले. म्हणे, काय होतंय!

दुपारी मांडवात मुलींचं शोकगीत भरात आलं आणि भोंगेच गप्प झाले. घराच्या मीटरमधली वीज संपली होती. मेहुणा मोबाइलवरून रिचार्ज करून करून थकला.

"होतच नाही! अख्ख्या गावाचं बंद आहे म्हणे. अहो दाजी, तुमचंच खातं ना? लावा की फोन!"

बाफुरने सेरवाला फोन लावला.

"सर, दोन्ही पडलेत! एकही उठत नाही." ती रडकुंडीला आली होती. "मी हातसुद्धा लावला नाही हो. साहेब म्हणतात, तूच घाण केलीस, सोमवारपासून येऊ नकोस."

"आधी राखीववर जुनं परत चढव," तो कसाबसा म्हणाला.

"काय झालं हो?" सासूबाईंनी विचारलं. सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. फोन कानापासून जरा बाजूला धरून तो म्हणाला, "ऑफिसात एक नवी पोरगी आहे. तिने गोंधळ घातलाय."

"लेकरू आहे, होतं चुकून. रागावू नका तिला."

स्वतःच्या नवऱ्याच्या अंत्यविधीचा विचका झालेला, आणि बाई हे म्हणाल्या! शरमेने बाफुरला मान वर करवेना.

फोनमधून आवाज आला, "सर, मग साहेबांना तसंच सांगू? मीच केलं म्हणून?"

"नको. मी केलं म्हणून सांग," तो पुटपुटला.

"काय? ऐकू नाही आलं, सर."

सासूबाई समोरच बसल्या होत्या. बाफुरने तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं.