निरुपयोगी लाकडाचा निधी

ज्या माणसाने जन्मात कधी चूल फुंकली नाही, तो लाकडाबद्दल बोलायला लागला की माझं डोकं फिरतं. गेल्या काही वर्षांत अशी माणसं मी पुष्कळ पाहिली. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली, आणि पायात असे नाजूक बूट की वेड्या बाभळीचा काटा तळव्यातून घुसून वर यावा. एकाच्या पायात तो घुसलाही. मला वाईट वाटल्याचं नाटक करावं लागलं.

आमचा कडक भाकरीचा धंदा. सोलापूर शहर संपून अक्कलकोट रोडला माळ सुरू होतो तिथे माझी पत्र्याची शेड आहे. आत ओळीने चुली, प्रत्येक चुलीपुढे एक बाई. मालदांडी ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, आणि मग तवा सोडून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी करायची. भाकरी कडक होते ती तिथे, तव्यावर नाही. मंद, दमाने टिकणारा निखारा हवा. तो वेड्या बाभळीचा असतो. नुसता भडकून विझणारं लाकूड या कामाचं नाही, ते लग्नातल्या आचाऱ्याला द्यावं.

वेडी बाभूळ आमच्या मागच्या माळावर माजलेली. जमीन जंगलाच्या हद्दीतली, पण जंगल म्हणावं असं तिथे काही नाही. काटे, दगड आणि ससे. आमच्या बायका सकाळी जाऊन वाळलेलं तेवढं तोडून मोळ्या आणायच्या, मी मोळीचे पैसे वेगळे द्यायचे. त्यात एक रीत होती. एखादं झाड वाळायला लागलेलं दिसलं की बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी त्याला बांधून यायची. चिंधी बांधली की ते झाड तिचं. वाळून खडखडीत होईपर्यंत ते उभं राहायचं आणि दुसरी कुणी त्याला हात लावायची नाही. माझ्या शेडमध्ये पिठावरून, पाण्यावरून, नवऱ्यांवरून भांडणं झाली, एकमेकींच्या झिंज्या धरल्या गेल्या, पण चिंधीवरून कधी झालं नाही. कुणाची कुठली चिंधी ते सगळ्यांना पाठ होतं.

सगळ्यांत ओळखू यायची ती दुधनीच्या बाईची. ती आमच्याकडे सगळ्यांत जुनी. माहेर-सासर दोन्ही दुधनीचं, नवरा गेल्यावर पोरीला घेऊन सोलापुरात आली. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची आणि रागावली की नुसतं कानडी. तिच्या आईचं डाळिंबी रंगाचं इरकल विरून गेलं होतं, त्याच्या तिने चिंध्या केल्या होत्या. "आईचं लुगडं हाय, टाकवत न्हाय. झाडाला बांदलं की आई तितं उबी हाय असं वाटतंय," म्हणायची. तिच्या हातची भाकरी उजेडात धरली तर पलीकडचं दिसायचं. परगावच्या गिऱ्हाइकांचे फोन यायचे ते तिच्याच भाकरीसाठी. माझं नाव नुसतं पाकिटावर.

तर या माळावर एक दिवस निधी आला.

आधी सभा झाली. समाजमंदिरात पडदा लावला, खुर्च्या मांडल्या, चहा आला. साहेब तरुण होता. कुठल्याशा संस्थेचा, प्रकल्पाचा प्रमुख. त्याने पडद्यावर आमच्याच माळाचे फोटो दाखवले आणि सांगितलं की जंगलात कमी किमतीचं, वाकडंतिकडं, कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं लाकूड नुसतं पडून वाया जातं. त्याचा वापर व्हावा म्हणून मोठा निधी मंजूर झालाय. मशीन येणार, लाकडाचा भुसा करून त्याच्या कांड्या दाबणार, त्या कांड्या इंधन म्हणून विकणार, गावाचा कायापालट होणार. कायापालट हा शब्द त्याने इतक्यांदा वापरला की मला वाटलं, आता आमच्या अंगाला शिंगं फुटतात की काय.

दुधनीची बाई मागून उठली. "साहेब, कुणाच्या उपयोगाचं न्हाय म्हंता, मग आमी रोज डोक्यावर काय आणतोय? गंमत करतोय व्हय?"

बायका हसल्या. साहेबही हसला. "छान प्रश्न आहे, ताई," म्हणाला आणि पुढचा फोटो लावला.

हे 'छान प्रश्न' मी तेव्हापासून ओळखून आहे. उत्तर द्यायचं नसलं की शिकलेली माणसं प्रश्नाची पाठ थोपटतात. निदान आमच्याकडचे अडाणी लोक सरळ "गप बस" म्हणतात. त्यात जास्त अब्रू आहे.

पुढच्याच आठवड्यात जंगलाच्या गार्डने बायकांना माळावरून परत पाठवलं. हा गार्ड आमचाच. पावसापाण्यात शेडमध्ये येऊन बसायचा, चटणीबरोबर भाकरी मोडायचा, जाताना घरच्यांसाठी बांधून न्यायचा. मी विचारायला गेले तर मान वर करेना.

"मावशी, आता ते लाकूड प्रकल्पाचं हाय. मला वरनं सांगितलंय. काडी बी उचलायची न्हाय."

"काल तर ते निरुपयोगी होतं की रे."

"व्हय. म्हणून तर निधी आलाय."

एवढं खरं बोलणं त्या सगळ्या प्रकरणात दुसऱ्या कुणी केलं नाही. बिचाऱ्याला कळलंही नाही आपण काय बोललो ते.

मी साहेबाच्या ऑफिसात गेले. सगळं नको, वाळलेल्या मोळ्या तेवढ्या आणू द्या, म्हटलं. तर तो मला समजावायला लागला की ताई, चुलीचा धूर तुमच्या बायकांच्या फुप्फुसांना वाईट. जणू आम्ही इतकी वर्षं फुप्फुसं घरी ठेवूनच कामाला येत होतो. मग त्याने कांड्यांचं एक पोतं फुकट दिलं. दुसऱ्या गावाहून आणलेल्या कांड्या, कारण इथलं मशीन अजून यायचं होतं. "ट्रायल घ्या आणि फीडबॅक द्या," म्हणाला.

घेतली ट्रायल. कांडी पेटायला रॉकेल मागते, पेटली की भसाभसा जळते, आणि विझली की भुगा. निखारा म्हणून धरावं असं काही उरतच नाही. निखाऱ्याला उभी केलेली भाकरी राखेला उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती वाकवली तर रुमालासारखी घडी झाली. दुधनीच्या बाईने ती भाकरी माझ्यापुढे धरली आणि "बेड अक्का, बेड" एवढंच म्हणाली. नको म्हणजे नको. ते पोतं मी शेडच्या दाराला टेकू म्हणून लावलं. त्या कामाला ते बरं होतं.

मग उद्घाटन. याची आठवण आली की मला अजून हसू येतं आणि हसता हसता दात-ओठ खावेसे वाटतात. माळाच्या कडेला नवी शेड, त्यात हिरव्या रंगाचं मशीन, मशीनला हार. बाहेर मांडव. मांडवाच्या एका अंगाला आमच्याच माळावरच्या बाभळीचा ढीग रचलेला आणि त्यावर पाटी: 'निरुपयोगी लाकूड'. दुसऱ्या अंगाला कांड्यांचा ढीग, त्यावर पाटी: 'मौल्यवान इंधन'. आणि मधे चूल. पाहुण्यांना कांड्यांवर भाजलेली कडक भाकरी समोर करून खिलवायची, ही साहेबाची कल्पना. त्यासाठी त्याने मला आणि दुधनीच्या बाईला बोलावलं होतं. मी जाणार नव्हते. तीच म्हणाली, "चला अक्का, पाव्हण्याच्या कानावर घालू. वरच्या मान्साला कळंल." तिची चूल तिला हवी होती. दुसरं काही तिने कधी मागितलं नाही.

मशीन सुरू झालं, टाळ्या पडल्या, मशीनने घरघर केली, एक मोठा आवाज काढला आणि बंद पडलं. व्होल्टेजचा प्रॉब्लेम, असं माइकवरून सांगितलं. नाचता येईना, अंगण वाकडं. सगळे पाहुणे मग चुलीकडे वळले. चुलीत कांड्या नुसत्या धुमसत होत्या. तवा तापेना, पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी, साहेबाच्या कपाळावर घाम. भाषण लांबवा म्हणून त्याने कुणाला तरी खूण केली. आणि मग, देवाशपथ सांगते, त्याने आपल्या शिपायाला हळूच बाभळीच्या ढिगाकडे पिटाळलं. शिपायाने 'निरुपयोगी लाकूड' या पाटीच्या खालून चार फाटे ओढले, मोडले आणि आमच्या चुलीत सारले.

दुधनीच्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थाप.

काय भाकऱ्या झाल्या त्या दिवशी! पाहुण्यांनी कडाकडा मोडून खाल्ल्या, वर शेंगाचटणी मागून घेतली. मुख्य पाहुणे भाषणात म्हणाले की टाकाऊतून टिकाऊ कसं होतं ते आज आपण चाखून पाहिलं. तेवढ्यात दुधनीच्या बाईने पुढे होऊन हात जोडले. "साहेब, ही भाकर कांडीवर न्हाय, ह्या बाभळीवर झालीया. आमाला तेवडं लाकूड आणू द्या की."

पाहुण्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि फोटोसाठी तिला जवळ ओढलं. "या ताईंसारख्या महिलाच या प्रकल्पाचा आधार आहेत," म्हणाले. तो फोटो पुढे संस्थेच्या मोठ्या फलकावर लागला. तिच्या डोळ्यांत धुराचं पाणी आहे. ते आनंदाश्रू म्हणून खपून गेलं.

पुढचं सांगायला फार काही नाही. विकतचं लाकूड मला परवडेना. गॅसवर करून पाहिलं. गॅसची भाकरी दिसते छान आणि पाकिटात मऊ पडते. गिऱ्हाइकांनी माल परत पाठवला, मग फोन करणं सोडलं. बायका एकेक करून गेल्या, कुणी विडीच्या कामाला, कुणी धुण्याभांड्याला. दुधनीची बाई शेवटपर्यंत थांबली. काम नसतानाही यायची, आपली चूल सारवायची, बसून राहायची. पण पोर कॉलेजात होती, आणि सारवलेल्या चुलीवर फी भरता येत नाही. एक दिवस म्हणाली, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात बायका घेतायत. मी म्हटलं, जा. तुझी चूल मी मोडत नाही. लाकूड सुरू झालं की ये.

मी ते खोटं बोलले नव्हते. मला खरंच वाटत होतं की हे थेर फार दिवस चालायचं नाही. साहेबाची बदली होईल, पाटी पडेल, गार्ड परत भाकरीला येईल.

झालंही तसंच थोडंफार. साहेब मोठ्या जागेवर गेला. असली माणसं पडतात ती वरच्या पायरीवरच. मशीन व्होल्टेजचा प्रॉब्लेम मनात धरून बसलं ते बसलंच. शेडला कुलूप, हिरवा रंग पोपडे धरून सुटलेला, मशीनखाली कुत्री व्यालेली. पण माळ मात्र रिकामा होत होता. करवती चालत होत्या, ट्रॅक्टर भरून जात होते. मी प्रकल्पाच्या राखणदाराला विचारलं, मशीन बंद तर लाकूड जातं कुठं? तो म्हणाला, "साठवणीला." मी पुढे विचारलं नाही. ज्यांच्या भाषणांवर माझा विश्वास नव्हता त्यांच्या राखणदारावर कशाला ठेवायचा, एवढाच विचार केला आणि घरी आले.

गेल्या महिन्यात दुधनीची बाई सुट्टीच्या दिवशी आली. वाळली होती. हातांना भाकरी थापणाऱ्या बाईचा मऊपणा राहिला नव्हता, खरबरीत झाले होते. मी पाणी दिलं. शेडमध्ये एकच चूल चालू होती, घरच्यापुरती. ती आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली, थंड चुलीपुढे. कारखान्यात काय काम करतेस, म्हणून मी विचारलं. इतके दिवस मी समजून होते की पॅकिंगचं असेल.

"बॉयलरला लाकूड वाहायचं, अक्का. ट्रॅक्टर येतोय, आमी उतरवून रचायचं आन् भट्टीपाशी न्हेऊन द्यायचं."

मग तिने पदराची गाठ सोडली आणि माझ्या हातावर एक चिंधी ठेवली. उन्हाने विटलेली, पण काठाची नक्षी अजून दिसत होती. डाळिंबी इरकल.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. त्या कुत्र्याला निदान निधी मंजूर करून घ्यावा लागत नाही. माझ्या तोंडात सगळ्या शिव्या एकदम आल्या.

"तू कुणाला बोलली नाहीस?" मी विचारलं.

"कुणाला बोलू? सुपरवायझर वरडत हुता, आग कमी झाली म्हणून." तिने चुलीच्या तोंडातली जुनी राख बोटाने सारखी केली. "चिंदी सोडून घेतली आन् फाटा आत दिला. लई चांगलं वाळलं हुतं, अक्का."