काकूच्या गाण्यातला नळ

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

मुंबईहून आलेल्या तिघांना व्हिडिओसाठी गावाकडचं गाणं हवं होतं. सकाळी मी आमच्या पोशेरा गावाहून माझ्या काकूला शूटिंगसाठी शिरपामाळावर घेऊन गेलो. तिने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. नवरा ठाण्याला बिल्डिंगीत नळ बसवतो आणि इकडे बायको झऱ्यावर वाटीने हंडा भरते, असं ते गाणं.

दोन ओळी होताच त्यांच्यातली मुलगी म्हणाली, "काकू, हे फार दुःखी वाटतं. डोंगराचं, हिरवळीचं काहीतरी म्हणा ना."

काकू म्हणाली, "तुझे घरी नळाला पाणी येतो ना? मग डोंगराचा गाणा तू म्हण. मी नळाचाच म्हणेन."

तिने अख्खं गाणं म्हटलं. त्यांनीही मुकाट्याने शूट केलं.

दुपारी व्हिडिओ आला. चेहरा काकूचा, पण आवाज गायब. त्यावर बासरी लावलेली आणि वर लिहिलंय, 'गावाकडची निवांत माणसं'. मी फोन केला, तर म्हणे लोकांना शब्द कळले नसते.

काकूने मोबाईलमध्ये पाहिलं आणि मला विचारलं, "तोंड तर माझाच हलतो. मग मी काय सांगते, तो ऐकू का येत नाही?"

तिला काय सांगू, तुम्हीच बोला.