रोह्याचा गणपती आणि माझा भौतिक बदल

आमच्या घराण्यात आजवर एकच शास्त्रज्ञ झाली, ती मी. आणि माझी सगळी कारकीर्द एका सकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी संपली.

तेव्हा मी सातवीत होते. पेणला आमचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हटल्यावर धुराडं, भोंगा असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. घराची पुढची पडवी, तिच्यात फळ्यांवर ओळीने बसलेले दोनशे गणपती, आणि त्यांच्यामध्ये जागा मिळेल तिथे बसलेलो आम्ही चौघं: अण्णा, आई, ताई आणि मी. त्या वर्षी मात्र तिघंच होतो. वैशाखात ताईचं लग्न झालं आणि ती रोह्याला गेली.

पेणहून रोहा म्हणजे काही विलायत नव्हे. एसटीने दोन-अडीच तास. पण मला ते विलायतेहून लांब वाटायचं. माझी वेणी ताई घालायची, माझी गणितं ताई सोडवायची, आणि माझ्या वाटणीची बोलणीही बऱ्याचदा ताईच खायची. शिवाय आमचं एक गुपित होतं. साच्यात ओतलेलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. पावसाळ्यातल्या गारठ्याच्या सकाळी आम्ही दोघी एकेक साचा पोटाशी धरून बसायचो. अण्णांना वाटायचं, पोरी कामाला लागल्या! त्या वर्षी दोन्ही साचे मला एकटीला मिळाले. दोन्ही धरून पाहिले. करमलं नाही.

श्रावणात अण्णा ताईला आणायला गेले, तर तिच्या सासूबाईंनी चहा-पोहे देऊन रिकामं परत पाठवलं. वर निरोप दिला, "यंदा आमचा गणपती तुमच्याकडून येऊ द्या. व्याही मूर्तिकार असताना आम्ही दुसरीकडे का जावं? गौरी-गणपती गेले की सुनेला आठ दिवस न्या." म्हणजे मूर्ती रोह्याला पोचली की ताई पेणला येणार. इतकं ते सरळ होतं. मी मनातल्या मनात ताईची उशी उन्हातसुद्धा घातली. (ऊन नव्हतं, पण मनात घालायला काय लागतं!)

आणि चतुर्थीला बारा दिवस राहिलेले असताना कारखान्यातलं प्लास्टर संपलं. मुंबईहून ट्रक येईना. सगळं पेण रस्त्याकडे डोळे लावून बसलेलं.

"अण्णा, रोह्याचा गणपती?"

"गिऱ्हाइकांचे आधी गो. घरचा शेवटी. ट्रक येऊ दे."

"आणि ट्रक नाय आला तर?"

"तर नाय आला," अण्णा म्हणाले आणि सोंड रंगवायला लागले. मला रडूच फुटलं. माझ्या बहिणीचं माहेरपण एका ट्रकवर अवलंबून होतं आणि हा माणूस सोंड रंगवत होता!

त्याच दिवशी शाळेत विज्ञानाच्या सरांनी भौतिक बदल शिकवला. सर नवीन होते, उत्साही होते. त्यांनी एक खडू घेतला, टेबलावर ठेवून डस्टरने चुरडला आणि विचारलं, "हे काय?"

"पूड!" आम्ही ओरडलो.

"कशाची?"

"खडूची!"

"म्हणजे खडू खडूच राहिला. रूप बदललं, पदार्थ बदलला नाही. हा भौतिक बदल. आता उद्या आपण रासायनिक बदल पाहू."

पण माझं 'उद्या'शी काही देणंघेणं उरलं नव्हतं. माझ्या डोक्यात उजेड पडला होता. आमच्या पडवीच्या मागे तुटके हात, फुटके मुकुट, कानांचे तुकडे, सांडून घट्ट झालेले गोळे असा प्लास्टरचा ढीग पडलेला असायचा. प्लास्टर आधी पांढरी पूड होतं. मग घट्ट झालं. कुटलं की पुन्हा पांढरी पूड! रूप बदललं, पदार्थ तोच! इतकी वर्षं अख्खं पेण हा ढीग खड्ड्यात टाकत होतं आणि कुणाला सुचलं नव्हतं. मला पेणकरांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी सर रासायनिक बदल शिकवत होते तेव्हा मी पोटदुखीचं निमित्त करून घरी राहिले, कारण मला विज्ञान करायचं होतं. आई बाजारात गेल्याबरोबर मी पाटा-वरवंटा मागच्या दारी ओढला आणि ढीग वाटायला बसले. हाताला फोड आले. केस पांढरे झाले. पूड आईच्या जुन्या पातळातून वस्त्रगाळ केली. वस्त्र मधे फाटलं, त्याकडे मी दुर्लक्ष केलं. (शास्त्रज्ञाला इतकं बारीक पाहून चालत नाही.) मग ती सगळी पूड रिकाम्या गोणीत भरून गोणी कोपऱ्यात लावली आणि अंघोळ करून पोट दुखत असल्यासारखी पडून राहिले.

दुपारी अण्णांचा आवाज आला, "अगो, हाय की अजून गोणीत! पुरेल रोह्याच्या गणपतीला!"

"नीट बघा, काल तर झटकून ठेवली होती मी," आई म्हणाली. पण तिला बोलायला फुरसत नव्हती, कारण चटणीत कचकच का लागते याचा तिला उलगडा होत नव्हता.

अण्णांनी पूड कालवली, काथ्या घातला, साच्यात ओतली. पंधरा मिनिटं झाली. मी हळूच जाऊन साचा पोटाशी धरला. गार. अर्धा तास झाला. गारच. तास झाला. अण्णांनी साचा ठोकला, कान लावला, कपाळाला आठ्या घातल्या आणि दोर सोडला. साचा उघडला आणि आत बसलेले गजानन शांतपणे अण्णांच्या मांडीवर ओघळले.

"आई गं!" आई म्हणाली.

"दमच नाय मालात!" अण्णा गरजले. "शेठनं आपल्याला दमट माल दिला! बारा वर्षांचा संबंध आणि ही वागणूक?" आणि त्याच ओल्या धोतराने ते प्लास्टरवाल्या शेठच्या दुकानाकडे सुटले. जाताना रस्त्यात भेटेल त्याला धोतर दाखवत गेले.

अर्ध्या तासात शेठ स्वतः आमच्या पडवीत हजर. पाठोपाठ दोन शेजारी, तमाशा बघायला. शेठने गोणीत हात घातला, पूड चिमटीत चोळली, हुंगली. मग पुन्हा हात घातला, पार कोपरापर्यंत, आणि काहीतरी बाहेर काढून तळहातावर ठेवलं. सोनेरी रंग दिलेला, करंगळीच्या पेराएवढा सुळा होता.

"अण्णा," शेठ अगदी थंडपणे म्हणाले, "माझ्या गोणीला दात कधीपासून यायला लागले?"

माझं पोट आता खरंच दुखायला लागलं. अण्णांनी सुळ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांच्या फोडांकडे पाहिलं.

"हा भौतिक बदल आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग सगळं सांगून टाकलं. खडू, डस्टर, पाटा, पातळ. पाटा ऐकून आई मटकन खाली बसली; चटणीचा उलगडा झाला होता. शेवटी ताईचंही सांगितलं. शेजारी हसत होते, शेठ हसत होते, आणि मी भोकाड पसरून रडत होते. ट्रक आला नाही, प्लास्टर गेलं, गणपती अण्णांच्या धोतरात गेला, आणि ताई रोह्यालाच राहणार.

अण्णा हसले नाहीत. मला जवळ बसवून म्हणाले, "प्लास्टर एकदाच तापतं गो. तापलं, घट्ट झालं, की झालं. मग कूट, नायतर वाट. ती पूड प्लास्टरची नाय, दगडाची." मग म्हणाले, "माती मात्र तुझ्या त्या खडूसारखी. भिजव, वाळव, परत भिजव. मातीच ऱ्हाते." आणि उठून त्यांनी कोपऱ्यातली शाडूची गोणी ओढली.

अण्णांनी हाताने मूर्ती घडवायची सोडून बरीच वर्षं झाली होती. तीन दिवस ते त्या गोळ्याशी बोलत, भांडत, मधेच माझ्यावर ओरडत बसले होते. माती मळायला मी. शेगडीचे निखारे सांभाळायला मी. वीतभर आणि वर चार बोटं उंच गणपती झाला. नाक, म्हणजे सोंड, किंचित डावीकडे झुकलेली, पण डोळे असे की मी कुठेही गेले तरी माझ्याकडेच पाहत होते. (तसा त्यांचा माझ्याशी हिशोब बाकी होताच.)

"एसटीत मांडीवर कोण घेणार?" अण्णांनी विचारलं.

"मी! साच्यातल्या गणपतीएवढाच तर आहे! तसले दोन दोन उचलते मी!"

अण्णा गालात हसले आणि मूर्ती पंच्यात गुंडाळायला लागले. घनतेचा धडा शाळेत दिवाळीनंतर होता.

साच्यातला गणपती आतून पोकळ असतो. हा मातीचा, आतून भरीव आणि पुरता वाळलेलाही नाही. पेण सुटलं तेव्हा मी ताठ बसले होते. नागोठण्याला माझ्या पायांना मुंग्या आल्या. त्यानंतर पाय कुणाचे आहेत तेच कळेना. पंच्यात गुंडाळलेलं गाठोडं बघून कंडक्टरने विचारलं, "बाळ झोपलंय काय गो?"

"बाळ नाय, गणपती हाय."

"मग ऱ्हाऊ दे, त्याला तिकीट नाय."

शेजारच्या मावशींना माझी दया आली. "दे गो पोरी, जरा मी धरते." त्यांनी घेतला आणि पुढचा खड्डा यायच्या आत परत दिला. "अगो बाय! देव हाय का पाटा!"

कोलाडला बस थांबली. अण्णा चहाला उतरले आणि खिडकीतून म्हणाले, "तू उठू नको हां!" उठणार कशी?

चार महिने मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की रोह्याला उतरल्याबरोबर धावत जाऊन ताईला मिठी मारायची. ताई भावजींबरोबर स्टँडवरच आली होती. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, चेहरा तोच. ती खिडकीशी येऊन "अगो ये ना!" म्हणत होती आणि मी सीटवर बसून नुसती रडत होते. तिला वाटलं, माया! मायाही होती, पण मुख्य म्हणजे पाय नव्हते. भावजींनी गणपती उचलला, अण्णांनी मला उचललं, आणि ताईने पाहिलं तर माझ्या नव्या फ्रॉकवर उंदीरमामांचा ओला ठसा, शेपटीसकट.

खरी परीक्षा घरी होती. ताईच्या सासूबाईंनी मूर्ती पाटावर ठेवून पंचा बाजूला केला, चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. ताईने माझा हात घट्ट धरला होता.

"ही साच्यातली नव्हे," सासूबाई म्हणाल्या.

"नाय," अण्णा म्हणाले.

"सोंड वाकडी आहे."

"हाय जरा."

"माझे सासरे होते तेव्हा अशी यायची आमच्याकडे," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. "हाताची."

गौरी-विसर्जनाच्या दिवशी अण्णा आणि मी मुराळी म्हणून ताईला न्यायला पुन्हा रोह्याला गेलो. कुंडलिका नदीवर आमचा गणपती पाण्यात ठेवला आणि ठेवल्याबरोबर तळाला गेला. शेजारच्यांची पोकळ मूर्ती मात्र बुडवली की वर, बुडवली की वर! चौघं जण तिला धरून होते. ते बघून सासूबाई अण्णांना म्हणाल्या, "झटकन गेला हो तुमचा. आता न्या लेकीला. फक्त आमची सूनही अशीच झटकन परत पाठवा."

ताई आली! आठ दिवस! तिने माझी वेणी घातली, माझे फोड बघून हसली, मग त्यांना तूप लावलं. दोन दिवस मी तिची पाठ सोडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता ती सहज म्हणाली, "आमच्याकडे पीठ इतकं सैल नाही भिजवत."

"आमच्याकडे म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे रोह्याला गो."

मला जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. ताई समोर बसली होती, हाताच्या अंतरावर, आणि मला तिची आठवण येत होती. मी पाय आपटून ओरडले, "तू प्लास्टर झालीस! घट्ट झालीस! आता तुझी परत ताई नाय व्हायची!"

ताई आधी हसली. मग तिने पिठाच्या हातांनीच मला पोटाशी ओढलं, आणि आम्ही दोघी रडलो.

"आणि तू गो?" डोळे पुसत तिने विचारलं.

"मी शाडू!" मी सगळ्या घराला ऐकू जाईल असं जाहीर केलं. "माझं लग्न झालं तरी मी पेणचीच राहणार. भिजवा नायतर वाळवा!"

पुढे नऊ वर्षांनी माझं लग्न झालं, ठाण्याला. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा माहेरी आले. ताईही मुद्दाम रोह्याहून आली होती. आईने चहा दिला. मी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आमच्याकडे आलं घालतात."

 आई छताकडे पाहत होती. ताईने पदर तोंडात कोंबला होता, तिचे खांदे हलत होते. आणि तेवढ्यात पडवीतून, हातातला ब्रश खाली न ठेवता, अण्णांनी हाक मारून विचारलं,

"काय गो, शाडू! ताईला चार महिने लागले होते, तू पंधरा दिवसांतच घट्ट झालीस?"