एका सेल्फमध्ये सुरू झालेली गाडी

ती घटना विसरावी म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण तिच्यात चूक माझी होती. पकडलेल्या आरोपींचे चेहरे आता धूसर झालेत. ज्याला पकडायला नको होतं तो माणूस मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

सुरत जिल्ह्यात हायवेवरच्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. वडील लूमवर कामाला आले आणि आम्ही भावंडं सुरतच्या डिंडोलीत वाढलो. नोकरीत कागद गुजरातीत लिहायचो, आरोपीशी हिंदीत बोलायचो आणि गाववाला भेटला की अहिराणीवर यायचो. आपल्या बोलीत माणूस खोटं बोलायला कचरतो असा माझा समज होता, आणि या समजाचा मला जरा गर्वही होता.

श्रावणातला मंगळवार. सकाळी साडेअकराच्या सुमारास कडोदऱ्याहून बारडोलीकडे जाणारी एक गाडी भर पावसात रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मागून आलेला टँकर तिच्यावर आदळला. गाडीत बसलेली बाई जागीच गेली. बारडोलीच्या एका शाळेत ती शिक्षिका होती, दुपारच्या पाळीला निघाली होती. गाडी तिचा नवरा चालवत होता. त्याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता, कारण धडक बसली तेव्हा तो गाडीबाहेर उभा होता.

टँकरचा ड्रायव्हर पळाला नाही. तो म्हणाला, "साहब, न लाइट थी, न इंडिकेटर. बारिश में गाड़ी दिखी ही नहीं."

पंचनामा झाला, अपघाती मृत्यूची नोंद झाली. चौथ्या दिवशी त्या बाईचा भाऊ अर्ज घेऊन आला. लूमच्या कारखान्यात वायरमन होता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. म्हणाला, "साहेब, गाडी बंद पडनी नही, त्यानी बंद करी. सोता उतरना आणि मन्ही बहीणले मझार बसाडं." स्वतः उतरला आणि बहिणीला आत बसवून ठेवलं, हे त्याचं म्हणणं. त्याच संध्याकाळी ठाण्यात एक निनावी फोन आला. गुजराती बाईचा आवाज होता. "साहेब, ए घरमां रोज झगडा थता हता," त्या घरात रोज भांडणं व्हायची, एवढं बोलून तिने फोन ठेवला. शेजाऱ्यांना आपल्या घरापेक्षा दुसऱ्याच्या घरातलं जास्त ऐकू येतं, हे मला ठाऊक होतं. तरीही मी तो फोन वहीत टिपून घेतला.

नवऱ्याला बोलावलं. चाळिशीचा, एका ऑफिसात कारकून, मितभाषी. मी अहिराणीतच सुरुवात केली. तो एकच वाक्य बोलत राहिला, "गाडी आपोआप बंद पडनी, साहेब. मी काहीच करं नही."

"मग पार्किंगचे दिवे का लावले नाहीत?"

"लागले नाहीत."

"बायकोला आत का ठेवलं?"

तो म्हणाला, "पाऊस व्हता. म्हटलं भिजशी, बठी राह्य." पावसात भिजशील, बसून राहा.

गाडी ठाण्याच्या आवारात आणली होती. मागचा भाग चेपलेला, पण इंजिन शाबूत. परिवहन खात्याच्या तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, टायर ठीक असल्याचा शेरा आला होता. मी आणखी हुशारी केली. गाडीची बॅटरी पार उतरलेली होती, म्हणून हवालदाराकडून ठाण्याच्या जीपची बॅटरी लावून घेतली आणि सेल्फ मारायला सांगितला. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. पाच मिनिटं ठणठणीत चालली.

माझ्या दृष्टीने तपास तिथेच संपला. गाडी चांगली आहे, म्हणजे माणूस खोटारडा आहे. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते यालाच. खुनाचा गुन्हा नोंदवायची परवानगी मागणारा रिपोर्ट मी स्वतः बसून लिहायला घेतला.

दहाव्या दिवशी तो सकाळी आठ वाजता दाराशी उभा राहिला. चौकशीला मीच बोलावलं होतं. "साहेब, आज तिचा दहावा आहे. तापीवर जाऊन दुपारी परत येतो," म्हणाला. मी म्हटलं, "आधी खरं सांग, मग जा." संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. पिंड त्याच्या मेहुण्याने, म्हणजे त्या अर्जदार भावाने दिले. हे लिहिताना मला लाज वाटते. वाटायलाच हवी.

दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस होता. आवारात पाणी साचलं म्हणून हवालदाराने तीच गाडी पुन्हा जीपच्या बॅटरीवर सुरू केली आणि शेडमध्ये घेतली. आतल्या सामानाची यादी करायची होती, अंधारून आलं होतं, म्हणून इंजिन, दिवे, वायपर सगळं चालू ठेवलं. अर्ध्या तासाने तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "साहेब, गाडी बंद थई गई. एनी मेळे." म्हणजे आपोआप.

मी उठून गेलो. दिवे गेलेले, इंडिकेटर लागेना, काचा खाली होईनात. सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. आरोपी सांगत होता ते सगळं माझ्या पुढ्यात उभं होतं.

कडोदऱ्याहून गाड्यांचं वायरिंग करणारा एक म्हातारा मिस्त्री बोलावला. त्याने अल्टरनेटर खोलला. मिस्त्री लोक त्याला डायनेमो म्हणतात. आतली प्लेट जळून काळी पडली होती. त्याने मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं: डायनेमो मेला की गाडी बॅटरीतलं खाऊन चालते. भरलेली बॅटरी लावा, लगेच सुरू होईल. संपली की दिवे जातात आणि इंजिनही जातं, मग तुम्ही हायवेवर असा की अंगणात. मग त्याने गाडीची मूळ बॅटरी पाहिली. टोकांवर चिमट्यांचे ताजे ओरखडे होते. "साहेब, आ गाडीए माइक वगाड्युं लागे छे," तो म्हणाला. या गाडीवर माइक वाजवलेला दिसतोय.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला कदाचित काही सुचलं नसतं. मला वार आठवला. अपघात मंगळवारचा, आणि आदल्या दिवशी कानबाईचं विसर्जन होतं. कानबाई ही आम्हा खानदेशींची श्रावणातली देवी. रविवारी घरात बसवायची, सोमवारी वाजतगाजत तापीवर न्यायची. गल्लीबोळांत जनरेटरची गाडी शिरत नाही, म्हणून एखाद्याच्या कारच्या बॅटरीला चिमटे लावून माइक आणि लाइट चालवायची आमच्याकडे पद्धत आहे. चार-पाच तास गाडी मुंगीच्या पावलाने चालते आणि डायनेमोचा जीव निघतो. माझ्या घरचीही कानबाई त्याच दिवशी गेली होती. मला मात्र दहा दिवसांत हे सुचलं नव्हतं.

नवऱ्याच्या फोनचे तपशील काढले. अपघाताच्या अर्धा तास आधी एकच फोन होता, मेहुण्याला. हा फोन दोघांपैकी कोणीही मला सांगितला नव्हता.

नवऱ्याला बोलावून तो कागद पुढे ठेवला आणि विचारलं, "चिमटे कोणी लावले होते?" त्याने कागदावरच्या त्या फोनवर बोट ठेवलं. मग हळूहळू बोलला. विसर्जनाला त्याच्याच गाडीवर माइक लावला होता आणि वायरिंग मेहुण्याने केलं होतं. निघताना बॅटरीचा लाल दिवा लागला, म्हणून त्याने मेहुण्यालाच विचारलं. मेहुणा म्हणाला, "रातले लायटी चालन्यात, बॅटरी उतरेल शे. हायवेवर ल्या, चालताचालता चार्ज व्हई जाई."

मी ओरडलोच, "मग एवढे दिवस बोलला का नाहीस? तुझ्यावर खून लागत होता!"

तो म्हणाला, "साहेब, माझ्या म्हाताऱ्या सासूची मुलगी गेली. आता मुलगाही घालवू? त्याला हे कळलं तर तो जगेल का?"

मी बरीच वर्षं लोकांचं गप्प राहणं वाचत आलो होतो, आणि दर वेळी त्यात मला गुन्हाच दिसला होता.

पण कागद अर्धा ठेवता येत नव्हता. अर्जदाराचा जबाब घ्यावाच लागणार होता. मी नवऱ्याला थांबवून मेहुण्याला बोलावलं आणि त्याच्यासमोरच जळकी प्लेट, ओरखडे, फोनची वेळ, सगळं शांतपणे सांगितलं. मग मेहुण्याने आपला अर्ज माझ्या टेबलावरून उचलला आणि हातात घट्ट धरून बसला. "मीच बोलनू व्हतू, साहेब. मले अटक करा." मी त्याला सांगितलं की यात गुन्हा नाही, चूक आहे, आणि चुकीसाठी माझ्याकडे कोठडी नाही. तो ऐकायला तयार नव्हता.

तेवढ्यात त्याच्यासोबत आलेली, बाहेर बाकावर बसलेली त्याची म्हातारी आई आत आली. मुलाचा चेहरा पाहून तिने दाराला धरलं. "कोणी मारं मन्ही पोरले?" तिने विचारलं. मुलाने तोंड उघडलं. त्याच्या आधी जावई उठला, तिच्यापुढे जाऊन खाली बसला आणि, आमच्याकडे सासूला मामी म्हणतात तसं, म्हणाला, "मामी, गाडी बिघडेल व्हती. कोणीच काही करं नही."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "खरं का, साहेब?"

कागदावर मी सगळं खरं लिहिलं. चिमटे लिहिले, फोनही लिहिला. त्या दाराशी मात्र मी म्हटलं, "हो आई, खरं आहे."

ज्या माणसाला मी त्याच्या बायकोच्या दहाव्याला जाऊ दिलं नव्हतं, त्याने मला माझं काम शिकवलं. तपास कुठे करायचा हे मला येत होतं, तो कुठे थांबवायचा हे त्याच्याकडून कळलं. तिघं निघाली तेव्हा मी हात जोडून त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली, पण थांबला नाही. मेहुण्याला पायऱ्या उतरवत नव्हत्या, त्याचा दंड धरून तो सावकाश उतरत होता.