जर ही ताई असेल तर…

नितीन गेला त्याला महिना होत आला, तरी भेटायला येणारी माणसं अजून तोच प्रश्न विचारतात. "शेवटी जवळ होतात ना हो तुम्ही?" होते, म्हणते मी, आणि चहा टाकायचं निमित्त करून आत जाते, ओट्याला धरून उभी राहते. हॉस्पिटलात होते, पण खोलीत नव्हते. का नव्हते, हे चहाच्या कपासोबत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

नितीन माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो लहान होता, बाबांची गिरणी नुकती बंद पडलेली. त्याला न्हाऊ घालण्यापासून कानफटात मारण्यापर्यंत सगळं मीच केलं. पुढे शिकला, कंपनीत लागला, आणि एक दिवस चांगली चाललेली नोकरी सोडून भांडुपला आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास काढून बसला. "वाट लागली तुझी," मी म्हटलं. "लागू दे ना यार," म्हणाला. मला, सख्ख्या ताईला, यार! पोरांना प्रोग्रामिंग मराठीतून शिकवायचा. फळ्यावर 'जर' लिहिलं की वळून विचारायचा, "आणि तसं नसेल तर?" प्रत्येक 'जर'ला 'नाहीतर' हवाच, हा त्याचा हट्ट. "जे व्हावंसं वाटतं तेवढंच लिहून मोकळे होता रे. नाही झालं तर काय करायचं, ते कोण लिहिणार, माझा काका?"

रिटायर झाल्यावर मीही त्याच्या क्लासात शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागले. माझा पहिला प्रोग्राम अगदी साधा होता. येणाऱ्याचं नाव विचारायचं, नाव नितीन असेल तर 'ये रे बाळा' म्हणायचं, नाहीतर 'कोण तू?' चालवला तर काय, जो येईल त्याला 'ये रे बाळा'! पोरं हसून हसून बेजार. नितीनने स्क्रीनवर बोट ठेवलं. "ताई, बरोबरचं चिन्ह, हे '=', एकदाच दिलंस. एक म्हणजे ठरवून टाकणं, दोन म्हणजे विचारणं. तू विचारलंच नाहीस गं, जो येईल त्याला नितीन करून टाकलंस." मग पोरांना सांगायला लागला की मशीन शब्दाचा अर्थ बघत नाही, एकेक अक्षर ताडून बघतं. नावाच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा राहिली तरी त्याच्या लेखी तो दुसरा माणूस. आपल्याला दोन्ही सारखंच दिसतं, त्याला नाही. म्हणून ताडून बघायच्या आधी नावाच्या मागच्यापुढच्या मोकळ्या जागा पुसून घ्यायच्या. मला राग आला होता. म्हटलं, असलं कसलं रे तुझं मठ्ठ मशीन, मोकळ्या जागेसाठी माणसाला परकं करतं!

गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात गाठ निघाली. मुलुंडला ऑपरेशन झालं, शुद्धीवर आला, बायकोला सायली म्हणून हाक मारली, क्लासातल्या पोरांना नावानिशी ओळखलं. मी पुढे झाले तर माझ्याकडे बघत राहिला आणि सायलीला म्हणाला, "ही बाई कोण? ताईसारखी दिसते अगदी." आम्हाला वाटलं, गंमत करतोय. गंमत नव्हती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नेमकं सगळ्यात जवळचं माणूसच परकं वाटायला लागतं. अहो, पण मीच का?

मी भांडले त्याच्याशी. रोज. "अरे, मी ताईच आहे!" जितकी ओरडायचे तितका तो आक्रसून जायचा. मग त्यानेच परीक्षा घेतली. "जर तुम्ही ताई असाल तर सांगा, आई गेली त्या दिवशी मी काय जेवलो?" म्हटलं, "शेजारच्या काकूंनी पेज आणली होती. तू तोंड लावलं नाहीस." "बरोबर," तो म्हणाला, अगदी मास्तरासारखा. "ताईने सांगितलं असेल तुम्हाला." चष्मा तोच, हनुवटीवरचा तीळ तोच, उत्तरं बरोबर... माझ्यात कुठली मोकळी जागा राहिली होती आणि ती कशाने पुसायची, हे मला कोण सांगणार होतं?

थकून एकदा मी ओरडणं सोडलं आणि नुसतं विचारलं, "तुमची ताई कशी आहे?" तो खुलला. म्हणाला, "तिखट आहे एकदम. पण आई आठवत नाही मला, आई म्हटलं की तिचाच चेहरा येतो." हे आयुष्यात कधी माझ्या तोंडावर बोलला नव्हता मेला. मग म्हणाला, "मावशी, तिला फोन लावा ना. बघायला आली नाही अजून." त्याने स्वतःच सायलीकडून फोन घेतला आणि माझ्या पर्समध्ये रिंग वाजली. मी बाहेर पळाले, लिफ्टजवळच्या बाकावर बसून उचलला. "ताई!" तो ओरडला. "कुठे आहेस गं तू?"

फोनवर त्याने मला ओळखलं. डॉक्टर म्हणाले, आवाज ओळखायची वाट वेगळी, ती अजून उघडी आहे. तेव्हापासून मी बाकावर बसून ताई व्हायचे. "कुठवर आलीस?" "एलबीएस रोडला ट्रॅफिक आहे रे, येतेच." आशेने आत जायचे, आणि त्याचा चेहरा पडायचा. "तुम्ही होय, मावशी..." आत असेन तर परकी, नाहीतर ताई. आजार वाढत गेला, गाठ परत आली, एवढं मात्र शेवटपर्यंत बदललं नाही.

शेवटच्या दुपारी सायलीने फोन त्याच्या कानाशी धरला होता. श्वास घरघरत होता. दार समोरच होतं. आत जाऊन त्याचा हात धरावा म्हणून जीव तुटत होता माझा, पण गेले असते तर तो परक्या बाईच्या हातात गेला असता. मी बाकावरच बसले. "आले रे बाळा, रिक्षातून उतरले, गेटपाशी आहे..." तो "ये" म्हणाला. मी बोलत राहिले, जिना, लिफ्ट, सगळं खोटं खोटं चढत राहिले. मग फोनवर सायलीचा आवाज आला, "ताई, आता आत या." गेले. हात धरला. उबदार होता अजून. या वेळी त्याने, कोण तुम्ही, असं विचारलं नाही.

अजूनही फोन वाजला की मी उठून घराबाहेर जाते, जिन्यात उभी राहून बोलते. माझी सून म्हणते, "आई, आत बसून बोला ना, आत कोण आहे आता?" कोणी नाही, मला कळत नाही का ते! पण मी आतून बोलले तर पलीकडचं माणूस मला ओळखणारच नाही, असं वाटतं.