राजकन्येला चिंच-मीठ

इतिहास शिकून पोट कसं भरणार, असं मी लेकीला एकदा विचारलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं हवामानापुरतं उरलं. दोन वाक्यं झाली की फोन तिच्या आईकडे जायचा.

म्हणून त्या दिवाळीत ती शिकागोहून आमच्याकडे नेपरव्हिलला आली आणि आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली, तेव्हा मी टीव्ही बंद केला. तिनं माझ्या तळहातावर एक नाणं ठेवलं. रोमन, ब्राँझचं, हिरवट काळं. त्यावर एका बाईचा चेहरा, मानेवर घट्ट अंबाडा.

"एम्पररची डॉटर आहे. माझ्या फर्स्ट पगारातून घेतलं. उद्यापर्यंत तुझ्याकडे ठेव, बाबा. नीट बघ. मग हिची स्टोरी सांगते."

नीट बघ म्हणाली होती. घास म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. ती फुलं आणायला गेली होती. पूजेची भांडी चिंच-मीठ लावून लखलखीत करणं हे आमच्या घरातलं माझं एकमेव नावाजलेलं काम. तिचं नाणं चांदीच्या नाण्याशेजारी पूजेत मांडायचं मनात आलं. बापानं आपल्या इतिहासाला मान दिला, हे तिला न बोलता कळलं असतं.

"तिला विचारा आधी," बायको म्हणाली.

"अगं, सरप्राइज आहे."

हिरवं निघेना, म्हणून घासणी घेतली. अंबाडा गेला. मग नाक गेलं. तरी मी थांबलो नाही. चमक येत होती ना.

लेकीनं ताम्हनात पाहिलं. नाणं उचलून उजेडात तिरकं धरलं.

"चकाकतंय की नाही?" मी विचारलं. हो, हे मीच विचारलं.

"बाबा, तिचा चेहरा त्या ग्रीन लेयरमध्येच होता. खाली काही उरलेलं नसतं." मग म्हणाली, "इट्स फाइन."

तिनं पूजा केली, फराळ केला, आईशी गप्पा मारल्या.

सकाळी स्टेशनवर सोडताना मी म्हणालो, "पुढच्या वेळी दुसरं एखादं आण."

"फोटो पाठवेन, बाबा. दॅट्स ईझिअर."

ट्रेन गेली. निदान त्या बाईची गोष्ट आपणच शोधून वाचावी, म्हणून मी कारमध्ये बसून फोन काढला. तेव्हा लक्षात आलं, मी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.